तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींना रात्री मुक्कामी कशाला नेता?

मी गाईड कॅप्टन आहे, म्हणजे स्काउटसारख्याच मुलींच्या पथकाची प्रमुख; त्या पथकाला आम्ही कंपनी म्हणतो. दर डिसेंबरात शिबिराची संमतीपत्रं वाटली की हा प्रश्न येतो. सोसायटीच्या जिन्यात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, नाशिकच्या गंगापूर रोडला भाजी घेताना येतो. "दिवसा न्या ना मुलींना, संध्याकाळी आणून सोडा. रात्रीचंच काय एवढं अडलंय?" विचारणारे बहुतेक भले लोक असतात. पण आमच्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुलांचं स्काउट पथक भरतं, त्याच वयाची मुलं, आणि त्यांच्या स्काउटमास्तरांना पालक विचारतात ते इतकंच, की स्वेटर एक देऊ का दोन.

उभ्या उभ्या मी जे उत्तर देते ते सोपं आहे. गाईडचे सोपान, म्हणजे अभ्यासक्रमाचे टप्पे, चढत गेलं की मुक्कामी शिबिर अभ्यासक्रमातच येतं, ते टाळून राज्य पुरस्कारापर्यंत जाता येत नाही. उत्तर खरं आहे आणि लोक मान डोलावतात, कारण पुरस्कार म्हटलं की दहावीचे सवलतीचे गुण आठवतात. पण अभ्यासक्रमात नसतं तरी मी मुलींना रात्री नेलंच असतं. म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते.

दिवसाच्या सहलीत मुली माझ्या नजरेखाली असतात. ऊन आहे, रस्ता दिसतोय, पाचला परत, गेटवर आया उभ्या. तिथे दोरीच्या गाठी शिकवता येतात, प्रथमोपचार शिकवता येतात. पण रात्री दोन वाजता दुसरीने हलवून उठवल्यावर "माझी पाळी आली" म्हणत निमूट उठायचं, टोपी घालायची, टॉर्च घ्यायचा आणि जोडीदारणीबरोबर तंबूंना फेरी मारायची, हे दिवसा कसं शिकवू? झाडीत खसफस झाली तर ते कुत्रं आहे का माणूस, ताईंना उठवायचं का नाही, हे तेरा वर्षांची मुलगी स्वतः ठरवते. घरी तिला रात्री आठनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीला पाठवत नाहीत. मी पाठवा म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की अंधाराशी तिची पहिली ओळख मैत्रिणी सोबत असताना, मोठी बायकामाणसं हाकेच्या अंतरावर असताना, तिच्या हातात शिट्टी असताना व्हावी. कधीतरी ती होणारच आहे.

आकाशाचंही तसंच. ध्रुवतारा सप्तर्षीवरून शोधतात हे पुस्तकात आहे, पण जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात. तेव्हा वायव्येला कललेल्या शर्मिष्ठेच्या तारकांवरून अंदाज बांधायचा, आणि रात्र चढली की ईशान्येला वर येणाऱ्या सप्तर्षींवरून तो ताडून बघायचा. शहरातल्या गच्चीवर हे जमत नाही. पेठ रोडने आशेवाडीकडे, रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी गेलात की जमतं.

त्याच पायथ्याचा प्रसंग सांगायचा आहे. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या गाईड कॅप्टनना तो माहीत आहे, आणि त्या मला दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारतात: "तू तिला जाऊ का दिलंस?"

2018 चा जानेवारी. ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रिकामं रान, त्यांच्या घरातलं न्हाणीघर आणि संडास आम्हाला वापरायला मोकळं, वर बांधावर तट्ट्या लावून केलेला आडोसा. सरपंचांना सांगितलेलं, पोलीस ठाण्यात पत्र दिलेलं. माझ्याबरोबर आणखी दोन कॅप्टन. थंडी अशी, की संध्याकाळी सातलाच बोटं दुखायला लागली. निफाडच्या थंडीच्या बातम्या पेपरात येतात, त्या दिवसांतली थंडी. शेकोटी झाली. औरंगजेबाच्या फौजेला रामशेजने पाच वर्षांहून जास्त काळ दाद दिली नाही, ती गोष्ट एका संघाने, म्हणजे कंपनीतल्या मुलींच्या एका गटाने, नाट्यरूपात केली आणि मोगल सरदार झालेल्या मुलीची मिशी शेकोटीच्या उबेने निघून पडली. साडेनऊला सगळ्या तंबूंत. पहिला पहारा कमळ संघाचा, दहा ते बारा.

कमळ संघाची संघनायिका ही या गोष्टीतली मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. आमचे तंबूचे दोर सुताचे होते. दव पडलं की सूत ओल धरतं आणि आखडतं, ताण वाढून खुंटी उपटून येते, म्हणून झोपायच्या आधी दोर जरा सैल करायचे असतात. ती ते करत होती. टॉर्च दातात धरून, एकेका दोराची गाठ सरकवत, आणि सैल झाल्यावर बोटाने तो दोर तारेसारखा छेडून बघत.

सव्वादहाला बांधावर मोटारसायकलचा उजेड आला. तिचे वडील आणि काका. वडिलांना मी ओळखत होते. संमतीपत्रावर त्यांनीच सही केली होती, बसपाशी सोडायलाही तेच आले होते.

"मॅडम, हिला घेऊन जायला आलोय."

मी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? नाही. तिच्या आजीला संध्याकाळी कळलं म्हणाले. बिल्डिंगमधलंही कोणीतरी काहीतरी बोललं होतं. काका एक शब्द बोलले नाहीत, गाडी चालूच ठेवून उभे होते. आवाज ऐकून ती आली. वडिलांनी सांगितलं, दप्तर भर. ती म्हणाली, "पप्पा, माझा पहारा बारापर्यंत आहे."

हे तिने आर्जवाने म्हटलं नव्हतं. आपली ड्यूटी किती वाजता संपते हे माणूस सांगतो, तसं सांगितलं. ते म्हणाले, "भर म्हटलं ना."

मी त्यांना बाजूला घेतलं. एवढ्या थंडीत मोटारसायकलवर नेऊ नका, सकाळी सातला या, हवं तर तुम्हीही थांबा, शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपायची सोय करते, असं सगळं सांगून पाहिलं. ते नाही म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "पाठवा हो ताई, नाहीतर इथे झोपणार नाही कोणी." मग मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, त्यांची सही घेतली.

तोवर तिने उपसंघनायिकेला गाठलं होतं. शिट्टी दिली, टॉर्च दिला. "मागच्या अंगाचे दोन दोर राहिलेत. आणि डावीकडची खुंटी भुसभुशीत जागेत आहे, तिच्यावर दगड ठेव." मग डावा हात पुढे करून आमच्या रिवाजाप्रमाणे हस्तांदोलन केलं आणि बांधाकडे चालायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

पहाऱ्यावरच्या दुसऱ्या मुलीने मला विचारलं, "ताई, तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी बोलले होते. बाजूला घेऊन, हळू आवाजात बोलले होते, म्हणून मुलींपर्यंत ते पोचलंच नव्हतं. मुलींनी पाहिलं ते एवढंच, की कोणीतरी आलं आणि त्यांच्या संघनायिकेला घेऊन गेलं आणि कॅप्टनने रजिस्टर पुढे केलं.

आता ज्या मला "जाऊ का दिलंस" म्हणून विचारतात त्यांना सांगते. मूल त्यांचं आहे, अल्पवयीन आहे, दिलेली संमती बापाने परत घेतली की ती संपली. मी अडवून धरलं असतं तर कोणत्या अधिकाराने? आणि पुढच्या वर्षी किती बापांनी सही केली असती? एका रात्रीत मी शूर ठरले असते, पण कंपनी बंद पडली असती. हे मी प्रशिक्षणात नव्या कॅप्टनना शिकवते आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं.

आणि तरी, कॅप्टनचा बेसिक कोर्स करून नुकत्याच आलेल्या त्या जुन्या मी ने हे ऐकून घेतलं नसतं. ती म्हणायची, पालक समजावल्याने समजतात, आणि मुलीचं म्हणणं सगळ्यांसमोर विचारायलाच हवं. तिला मी आज म्हणते, बाई गं, मुलीला सगळ्यांसमोर विचारून तू तिला बापाविरुद्ध उभी करणार, आणि घरी तिच्याबरोबर तू जाणार आहेस का? त्यावर ती म्हणते, मुलगी उभी राहिलीच होती, "माझा पहारा बारापर्यंत आहे" म्हणाली होती, तिच्या बाजूने मोठ्याने एक वाक्य तरी बोलायचं होतंस. इथे माझ्याकडे उत्तर नाही. एक वाक्य बोलून काय बदललं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

ती मुलगी पुन्हा रविवारच्या सभेला आली नाही. गणवेश तिच्या आईने धुऊन, इस्त्री करून, स्कार्फसकट परत पाठवला. गणवेश त्यांनी स्वतःच्या पैशाने शिवला होता, परत करायची काही गरज नव्हती. पुढे बारावी झाल्यावर त्याच वडिलांनी तिला पुण्याला हॉस्टेलवर ठेवलं. मला ते सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या बसस्थानकावर, भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं, अभिमानाने सांगितलं. मी मनापासून चांगलं केलंत म्हटलं. मग घरी येईपर्यंत मनात घोळत राहिलं, की हॉस्टेलची रात्र चालते, कारण तिच्या शेवटी डिग्री आहे. आमच्या रात्रीच्या शेवटी काय आहे हे मी त्यांना पटवू शकले नव्हते.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1909 साली स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काउट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी गाईड चळवळ उभी राहिली. 1911 मध्ये ती जबलपूरला पोचली, म्हणजे आपल्या देशात. या गोष्टी मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. त्या मुलींच्या घरचे काय म्हणाले असतील, हे मला आमच्या मुली दर वेळी विचारतात.

तुमच्या भीतीला मी हसत नाही. मलाही मुलगी आहे, ती शिबिरात होती तेव्हा मीही रात्रभर जागी होते आणि मी तर तिच्यापासून पन्नास पावलांवर होते. काळजी करा. तंबू कुठे, संडास कुठे, सोबत बायका किती, जवळचा दवाखाना कोणता, सगळं विचारा, मी कागदावर लिहून देते. पण "रात्रच कशाला" हा प्रश्न त्या यादीत नाही. तो मुलांच्या मास्तरांना विचारायला लागाल त्या दिवशी मलाही विचारा.

त्या जानेवारीनंतर मी संमतीपत्रात एक ओळ वाढवली: मुलीला शिबिर संपण्याआधी न्यायचं असल्यास, आजारपण वगळता, सूर्योदयानंतरच नेता येईल. कायद्याने त्या ओळीला काही किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. बहुतेक पालक न वाचता सही करतात. मागच्या वर्षी एका वडिलांनी ती वाचली, पेनाने सरळ खोडली आणि खाली सही करून कागद माझ्या हातात दिला. माझ्या दोन्ही सहकारी कॅप्टनचं म्हणणं होतं, हा कागद घ्यायचा नाही. मी घेतला आणि त्या मुलीला नेलं. ते रात्री आले नाहीत. सहकाऱ्यांशी माझा वाद अजून चालू आहे, आणि यंदाची संमतीपत्रं पुढच्या रविवारी छापून येतील तेव्हा ती ओळ त्यात ठेवायची का, हे आमचं ठरायचं आहे.