व्हाळाच्या कडेने सावरीपर्यंत : नेत्रावळीतला एक दिवस

व्हाळ (म्हणजे ओढा) पहिल्यांदा ओलांडायची वेळ आली तेव्हा आईंनी (माझ्या सासूबाई, वय ६८) सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बूट काढून हातात घेतले. लहानपणी शाळेच्या वाटेवर त्या असाच व्हाळ ओलांडायच्या, त्यामुळे हात आपोआप बुटांकडे गेले. पुढे चाललेला वाटाड्या थांबला आणि म्हणाला, "आये, बूट घाल. उगड्या पांयांनी नाका." पाण्याखालच्या धोंड्यांवर शेवाळाचा नुसता थर होता. आईंनी बूट घातले, त्याचा हात धरला आणि पलीकडे गेल्या. पुढचे व्हाळ त्यांनी हात न धरता ओलांडले.

ही हकीगत आधी सांगितली, कारण दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात असलेल्या सावरी धबधब्याच्या वाटेबद्दल मला विचारणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना जमेल का? जमतं. आमच्यात आई होत्या आणि माझी नऊ वर्षांची मुलगी होती. खडी चढण जवळजवळ नाही. सुरुवातीला कच्चा रस्ता, मग झाडीतली पायवाट आणि मधून मधून व्हाळ. तरणी माणसं झपाझप चालली तर पाऊण तासाच्या आत पोचतील. आम्हाला दीड तास लागला आणि तो अर्धाच लागला असता तर फार काही हुकलं असतं.

आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो. हा काळ मी मुद्दाम निवडते. जून ते सप्टेंबर धबधबा थोर दिसतो खरा, पण व्हाळाच्या जवळ जाता येत नाही आणि पाणी गढूळ असतं. नोव्हेंबरात पाणी काचेसारखं निवळलेलं असतं, धार अजून भरघोस असते, वाट वाळलेली असते. जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. मे महिन्यातच येणार असाल तर धबधब्याचा नाद सोडा आणि कुर्डीला जा. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा हा गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती आणि जुन्या वाटा वर येतात. ती जागा पाहायला वेगळा दिवस द्यायला हवा.

फोंड्याहून सकाळी सहाला निघालो. कुडचडेवरून तिळामळ, तिथून रिवण, मग नेत्रावळी. मडगावहून येणाऱ्यांनी केप्यावरून तिळामळला यावं. पेट्रोल केप्यात किंवा कुडचडेलाच भरून घ्या, पैसेही तिथेच काढा. पुढे मोबाइलची रेंज जाते-येते आणि जंगलात जवळपास नसतेच, तेव्हा फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने येता येतं, पण फेऱ्या मोजक्या असतात. उतरताना कंडक्टरला परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारा आणि तिच्या आदल्या बसने परतायचा बेत ठेवा. न्याहारी वाटेतच उरकली : पातळ भाजी, पाव आणि मिरची. जंगलात काही मिळत नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं.

धबधब्याआधी रिवणला थांबलो ते गुहेसाठी. गावात हिला पांडवांची होवरी म्हणतात. पांडव आपल्याकडे प्रत्येक गुहेत राहून गेलेत, पण ही गुहा बौद्ध भिक्षूंची. साधारण सातव्या शतकातली भूमिस्पर्श मुद्रेतली बुद्धमूर्ती या परिसरात सापडली आहे. गुहा जांभ्यात खोदलेली आहे. जांभा म्हणजे आपल्या घरांच्या भिंतींचा तोच तांबडा, सच्छिद्र दगड. ताजा उघडा पडलेला जांभा मऊ असतो, कुदळीने कापता येतो, आणि हवेला लागला की कठीण होत जातो. चिरेखाणीत चिरे कसे निघतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना गुहेच्या भिंतींवरचे घाव लगेच ओळखू येतील. दाराशी मारुतीचं लहानसं शिल्प आहे, ते पुष्कळ नंतरचं. जवळच पाणी आहे. मला या जागेत सगळ्यात बोलकं वाटलं ते हे पाणीच. पावसाळ्यात तीन महिने भिक्षू एका जागी राहत, आणि ती जागा अशी हवी की डोक्यावर कोरडं छप्पर, हाताशी झर आणि भिक्षेला जाता येईल एवढ्या अंतरावर गाव. रिवणला हे तिन्ही आहे. लोक हे नाव 'ऋषिवन'वरून आलं असं सांगतात, आणि तिथे दहा मिनिटं गप्प बसलं की ते पटतं.

आत जाताना टॉर्च हवाच. फोनचा उजेड पुरत नाही आणि एक हात अडकतो. छत खाली येत जातं, वाकावं लागतं. पाय टाकण्याआधी उजेड टाका, गारव्याला सापही येऊन बसतात. वटवाघळं असली तर आवाज न करता मागे फिरा. आई बाहेर पायरीवरच बसल्या. माझी मुलगी आत गेली, परत आली आणि आजीला म्हणाली, "आत आपलाच श्वास ऐकू येतो." ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी हट्ट करू नये, बाहेरूनही पुष्कळ दिसतं.

रिवणहून नेत्रावळी. हे अभयारण्य १९९९ साली म्हादई अभयारण्याबरोबरच घोषित झालं, सुमारे २११ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला ते मोलेच्या जंगलाला आणि दक्षिणेला खोतीगावच्या जंगलाला जोडलेलं आहे, आणि हे सलगपण फार मोलाचं आहे. गवे, बिबटे, अस्वलं यांना तालुक्याच्या हद्दी कळत नाहीत, त्यांना अखंड झाडी लागते. वन खात्याच्या नाक्यावर नाव लिहून शुल्क भरावं लागतं. आमच्या पिशव्याही तपासल्या : दारू नाही, फेकायचं प्लास्टिक नाही. तपासणीवर कुरकुरणारे लोक पाहिले म्हणून सांगते, ती हवीच. धबधब्याच्या डोहात फुटलेली बाटली तळाशी बसली की ती पाण्यासारखीच दिसते, आणि तिथे मुलं अनवाणी उतरतात.

वाटाड्या गावातलाच घ्या. पैसे निघण्याआधी ठरवा आणि ठरलेत त्याहून थोडे जास्त द्या. वाट चुकण्यासारखी नाही हे खरं. पण आपण वाट बघत चालतो आणि तो जंगल बघत चालतो. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड दाखवून त्याने विचारलं, हे कुठलं? ती माटी. देशावर हिला ऐन म्हणतात. गोव्याचा राज्यवृक्ष. उन्हाळ्यात काही माटींच्या खोडात पाणी साठलेलं असतं. पुढे एका वेलीवर कवंडाळाचं लालभडक फळ लोंबत होतं. आईंना ते पाहून चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची सजावट, आठवली. त्यांच्या वडिलांच्या वेळी माटोळीचं सामान बाजारातून येत नसे, घरातले पुरुष आदल्या दिवशी रानात जाऊन आणत. कवंडाळ, घागऱ्यो, तिरफळाचे घोस. "कुठल्या वेलीला काय येतं हे पोरांना तेव्हाच कळायचं," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता व्हाळाबद्दल. लोक धबधब्यासाठी येतात, तिथे फोटो काढतात आणि परततात, आणि मला दर वेळी वाटतं की हे लोक व्हाळावरून नुसते उडी मारून गेले. पाचेक मिनिटं एका धोंड्यावर बसा. आधी काहीच दिसत नाही. मग पाण्यावर घासून जाणारे चतुर दिसतात, त्यांच्यापेक्षा बारीक टाचण्या पानाच्या टोकावर पंख मिटून बसलेल्या. पाय पाण्यात सोडले तर बोटभर मासे येऊन टाचा टोचायला लागतात. पलीकडच्या काठावर शीळकरी कस्तुर शीळ घालत होता, अगदी कुणीतरी रिकामटेकडा पोरगा सूर शोधत चालल्यासारखी. आणि उन्हाच्या एका कवडशातून कागदाच्या तुकड्यासारखं पांढरं, काळ्या ठिपक्यांचं मोठं फुलपाखरू तरंगत गेलं. मलबार ट्री निम्फ. ते पंख मारतच नाही असं वाटतं, नुसतं हवेवर सांडत जातं. आम्ही चौघं मान वर करून उभे राहिलो. मुलीने मोजलं, त्याला झाडापासून झाडापर्यंत जायला वीस आकडे लागले.

व्हाळाचं आणखी एक, आणि हे जपून वाचा. डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस पडत असू शकतो, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही. वाटाड्याने तीन खुणा सांगितल्या. निवळ पाणी अचानक तांबूस होणं. पाला-काटक्या वाहून यायला लागणं. आणि आवाज बदलणं, खळखळ जाऊन घुमल्यासारखं होणं. यातलं एकही दिसलं तर सामान, चपला, फोन काही न उचलता काठ चढायचा आणि पाणी उतरेपर्यंत पलीकडे जायचा विचार करायचा नाही. पाणी मांडीला लागत असेल आणि ओढ असेल तर ओलांडूच नका, मग अलीकडे कितीही वेळ बसावं लागो. पावसाळ्यानंतरही ढग दिसले तर आम्ही बेत मोडतो.

सावरी झाडीतून एकदम समोर येते. उंचीपेक्षा मला तिची रुंदी आवडते. पाणी एका धारेत न पडता काळ्या कातळावरून पसरत, फुटत खाली येतं आणि खाली झाडांनी वेढलेला डोह आहे. आई काठावरच्या सपाट दगडावर बसल्या, डबा उघडला. दशम्या आणि लोणचं. तुषार तिथपर्यंत येत होते.

डोहात उतरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काठाशी पाय बुडवा, पोहू नका. वर पाणी शांत दिसलं तरी धारेखाली ते आत ओढतं, आणि कातळाच्या कपारी कुठे आहेत ते दिसत नाही. २०२३ च्या जुलैत याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांमधल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली, ती पुढे सैल झाली. म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी त्या वर्षीचा नियम काय आहे ते विचारूनच निघा. ज्यांना पोहता येतं तेच बहुतेक वेळा जास्त आत जातात, हे आमच्या घरात आम्ही एकदा फार जवळून पाहिलंय. त्या दिवसापासून मी डोहाकडे पाठ करून बसत नाही.

जळवांचं भय बाळगू नका, तयारी ठेवा. लांब मोजे पँटवर ओढून घ्या. चिकटलीच तर ओढून तोडू नका आणि मीठही टाकू नका. नख तिच्या तोंडाशी कातडीला टेकवून बाजूला सरकवा, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. स्वच्छ धुऊन दाबून धरा, थांबतं. आम्हाला नोव्हेंबरात दोनच भेटल्या. कोरड्या दिवसांत गोचिडी असतात, म्हणून घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि मुलांचे कान, मान, काखा नीट पाहून घ्याव्यात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाने लोक दगावले आहेत आणि तो गोचिडीनेच येतो.

बूट रबरी तळव्यांचे, भिजले तरी चालतील असे. सपाता मुळीच नकोत. माणशी दीड लिटर पाणी, सुका बदली कपडा, काठी. काठीचं महत्त्व मला परत येताना कळलं, उतरत्या ओल्या मातीवर आईंना तिनेच सावरलं. जेवण गावातल्या एका घरी आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलं होतं : उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी), सोलकढी, आणि आईंसाठी खतखतं (मिश्र भाज्यांचं). ऐनवेळी गेलात तर मिळेलच असं नाही.

जेवून गोपीनाथाच्या देवळाशी गेलो. पुढे बुडबुड्यांची तळी आहे, चिऱ्याच्या पायऱ्यांची. तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळी वाजवली की वाढतात असं म्हणतात. मुलीने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. पायऱ्या निसरड्या आहेत, मुलांना एकटं सोडू नका.

परतीचा वेळ मात्र राखून ठेवा, साडेतीनला नेत्रावळी सोडा. रिवणजवळ पणसायमळला, उसगाळीमळ म्हणतात तिथे, कुशावती नदीच्या काठावर जांभ्याच्या सड्यात कोरलेली चित्रं आहेत : बैल, हरणं, माणसं आणि एक गोल चक्रव्यूह. गावकऱ्यांना ती ठाऊक होती, गुराख्यांचं काम समजून लोक त्यांवरून चालत होते. १९९३ साली पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. दुपारच्या उन्हात तिथे गेलात तर नुसता तांबडा दगड दिसेल, रेषा इतक्या उथळ आहेत. चारनंतर ऊन तिरपं होतं, प्रत्येक खाचेत सावली भरते आणि बैल दगडातून उठून उभे राहतात. रेषा उठाव्यात म्हणून खडूने रंगवू नका, पाणी ओतू नका, वर पाय देऊ नका. थोडं थांबलं की ऊन ते काम करतं.

मुलगी चक्रव्यूहाच्या कडेला उकिडवी बसली आणि हवेतच बोट फिरवत बाहेरून आत वाट शोधू लागली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आजी तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "हळू. आधी वळण बघ, मग बोट ने."