टू-के क्लियर मारताना मास्क कोणता, हवा कुठली

कोल्हापूरचं उद्यमनगर असो की शिरोली एमआयडीसी, तोंडाला रुमाल गुंडाळून गाडीला क्लियर, म्हणजे रंगावरचा चकचकीत पारदर्शक थर, मारणारा पेंटर दिसतोच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वास लागत नाही, मग कशाला?" सगळ्यात मोठा घोळ याच उत्तरात आहे.

थिनरचा, म्हणजे टोल्यूइन-झायलीनचा वास लगेच येतो, डोकं गरगरतं, माणूस बाहेर पळतो. टू-के म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा भाग) मिसळून मारायचा रंग. टू-के क्लियर, पीयू (पॉलियुरेथेन) टॉपकोट आणि टू-के प्रायमर यांच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन असा इशारा देत नाही. गाड्यांच्या रंगात बहुतेक एचडीआय नावाचं आयसोसायनेट आणि त्यापासून बनवलेली संयुगं असतात. एचडीआयसाठी अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने सुचवलेली सरासरी मर्यादा हवेत 0.005 पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) आहे. नाकाला वास कळेपर्यंत ती केव्हाच ओलांडलेली असते. रंग मारायच्या स्प्रे गनमधून निघणाऱ्या तुषारांत हे रसायन भरलेलं असतं आणि त्यातले सगळ्यात बारीक तुषार डोळ्यांना दिसतही नाहीत.

शरीर एकदा याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उठतो. मग औषधं घेत तेच काम करत राहणं जीवावर बेतू शकतं, कारागिराला धंदाच सोडावा लागतो. सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: काम संपल्यावर काही तासांनी, बहुधा रात्री, छाती आवळते, कोरडा खोकला येतो आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. असं होत असेल तर "धुळीचा त्रास आहे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना "मी हार्डनरचा रंग मारतो" हे स्पष्ट सांगा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. नवा पोरगा कामाला लागतानाच ही तपासणी झाली तर पुढच्या आकड्यांशी ताडून बघता येते.

आता मास्क. रुमाल आणि सर्जिकल मास्क या कामाचे नाहीत. एन-95 कण अडवतो, वाफ अडवत नाही. तपकिरी-पांढऱ्या पट्टीची ए2-पी3 कार्ट्रिज (वाफ आणि कण दोन्ही अडवणारी गाळणी) लावलेला हाफ मास्क बेसकोट, म्हणजे क्लियरखालचा हार्डनर नसलेला रंग, मारायला आणि गन धुवायला चांगला. टू-केसाठी मात्र बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क किंवा हूडच हवा, कारण कार्ट्रिज भरलं तरी आयसोसायनेटच्या वासावरून ते कळत नाही. घट्ट बसणाऱ्या मास्कला मिनिटाला निदान 115 लिटर आणि हूडला 170 लिटर हवा लागते. ती गनच्या लाइनमधून तशीच घेऊ नका. ऑइलवाला कॉम्प्रेसर तापला की तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. श्वासाच्या हवेसाठीचा फिल्टर संच आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड चालू गाडीच्या सायलेन्सरपासून लांब ठेवा.

चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर बसत नाही, अगदी दोन दिवसांच्या खुंटांवरही नाही. कार्ट्रिजवाला मास्क घातला की दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाका, हळू श्वास आत ओढा आणि दहा सेकंद थांबा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक. काम झाल्यावर कार्ट्रिज हवाबंद डब्यात ठेवा. बाकावर उघडं पडलं तर ते थिनरची वाफ ओढत राहतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात शटर खाली ओढून रंग मारण्याची सवय फार वाईट. पाणी नि धूळ बाहेर राहते, पण तुषार आत कोंडतात. हवा पेंटरच्या पाठीकडून येऊन गाडीवरून पुढे जायला हवी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बाहेर ओढणारा पंखा खाली बसवा, आणि तो फ्लेमप्रूफ मोटरचाच. साध्या पंख्याची ठिणगी पुरते. जड वाफ खाली साचते, म्हणून सर्व्हिस पिटजवळ (गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याजवळ) रंग मारू नका.

गन थांबली म्हणून मास्क काढायचा नाही. खोली साफ व्हायला किती वेळ लागतो ते आधीच मोजा: रंग-थिनरचे सगळे डबे बाहेर नेऊन आत धूर करा, पंखा लावा, धूर पूर्ण जाईपर्यंत घड्याळ बघा. बंद खोलीत वीस मिनिटंही लागू शकतात. तेवढा वेळ मास्क तोंडावर, आणि बाकी कोणीही आत नको. चहा द्यायला येणारा मुलगाही नको.

हातात नायट्राइल ग्लोव्हज घाला, लेटेक्समधून थिनर झिरपतो. आयसोसायनेट कातडीवाटेही संवेदनशीलता आणतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा सूट घाला. हात थिनरने धुऊ नका, साबण-पाणी वापरा.

हार्डनरचं पाण्याशी जमत नाही: दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. दमट हवेत उघडा राहिलेला डबा पुन्हा घट्ट बंद केला तर फुगतो, फुटूही शकतो. सांडलं तर ओल्या वाळूने झाका, ग्लोव्हज आणि मास्क घालूनच गोळा करा, आणि ती वाळू झाकण सैल ठेवलेल्या डब्यात उघड्यावर ठेवा. गन धुतलेलं थिनर गटारात ओतू नका, जयंती नाल्यातून ते पंचगंगेत जातं. वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या.