एकासनी ऑटोगायरो: रिडक्शन बसलं, आता सीट वर

माझ्या ऑटोगायरोचं (वर मोकळा फिरणारा रोटर उचलून धरतो आणि इंजिनाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पुढे रेटतो असं छोटं उडणारं यंत्र) इंजिन अखेर ढाच्यावर चढलं. सुझुकीचं तीन सिलिंडरचं, 993 सीसी. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळे एकट्याच्या यंत्राला वजन झेपतं. बीटलचं हवेवर थंड होणारं इंजिनही डोक्यात होतं: रेडिएटर नको, प्रोपेलरचा पंखा थेट क्रँकवर. पण गायरो संथ चालतो, आणि संथ यंत्राला मोठा, सावकाश फिरणारा पंखाच चांगला रेटा देतो.

माझा पंखा दीड मीटरचा. तो 5,500 फेऱ्यांवर थेट फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 430 मीटरच्या पुढे जातो, म्हणजे आवाजाच्याही वर. 2.2 पट रिडक्शनने (इंजिनच्या फेऱ्या कमी करून पंख्याला देणारी जोडणी) तोच पंखा 2,500 फेऱ्यांवर येतो आणि टोक 200 मीटरच्या आत राहतं. दातेरी पट्टा घेतला. तीन सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत तीनच ठोके, त्यामुळे कमी फेऱ्यांवर पट्टा फडफडतो. फ्लायव्हील काढलेलं नाही, आयडलिंग चढवलंय. फडफड जवळपास गेली.

खरं काम आता आहे. बेन्सनच्या गायरोकॉप्टरवर मॅककुलॉकचं दोन-स्ट्रोक इंजिन असे, पंखा छोटा आणि थेट जोडलेला. तशाच सांगाड्यावर मोठा पंखा लावायचा तर कीलपासून (सांगाड्याच्या तळाचा लांब आडवा दांडा) अंतर राखायला तो वर न्यावा लागतो, आणि रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वर जाते. रोटरवरचा भार क्षणभर हलका झाला की हाच रेटा नाक खाली दाबतो. यंत्र पुढे कोलमडलं तर सावरायला वेळच मिळत नाही. कितीतरी वैमानिक यात गेलेत, म्हणून इथे तडजोड करायची नाही.

मध्य शोधायला यंत्र टांगलं. मी सीटवर, पट्टे आवळलेले, टाकी अर्धी. रोटर हेडच्या बोल्टवरून ओळंबा सोडून मास्टच्या (रोटर धरणारा उभा खांब) बाजूला बांधलेल्या पुठ्ठ्यावर रेघ मारली, मग दुसऱ्या बिंदूवरून टांगून दुसरी. दोन्ही रेघा छेदल्या तिथे मध्य; रेट्याची रेषा त्याच्या 11 सेंटीमीटर वर. इंजिन खाली सरकवायला जागा नाही, तेव्हा सीट आणि टाकी वर जाणार, मागची कील खाली वाकवणार, आणि पंख्याच्या झोतात मोठा आडवा स्टॅबिलायझर (नाक वर-खाली होण्याला आवर घालणारं शेपटीचं पातं) येणार. स्टॅबिलायझर मी दोन सेंटीमीटरचा फरक उरला तरी लावणारच.

ढाचा बदलला की पुन्हा टांगणी, मगच रोटर.

पट्ट्याचं रिडक्शन चालवणाऱ्यांनी कृपया लिहा: ताण गार इंजिनवर तपासता की तापल्यावर? ॲल्युमिनियमची कंस-प्लेट तापली की पुल्यांमधलं अंतर किंचित वाढतं, आणि माझा पट्टा तेवढ्यानेही ताठ होतो.