ओहोटी बघून धावायला शिकले

पहिल्या २६ जानेवारीला मी धावण्याच्या शर्यतीत सोळाव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर टेकले, ती उठलेच नाही. उजव्या पोटरीत गोळा आला होता. हात लावला तर दगडासारखा कडक. कॉलेजमधल्या एका मुलाने आपली शर्यत थांबवून माझं पाऊल धरलं आणि बोटं माझ्याकडे ढकलत पाय ताणून दिला. "काकी, श्वास सोडा, श्वास सोडा," असं म्हणत राहिला. पाय सुटला, पण उभी राहिले की परत धरायचा. शेवटी मागून येणाऱ्या गाडीत बसले. उरलेले पाच किलोमीटर खिडकीतून पाहिले. त्या खिडकीतून दिसलेला रस्ता पुढे वर्षभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी रत्नागिरीत राहते, वय ४४, नोकरी बँकेत. माझं धावणं म्हणजे सुट्टीचं धावणं. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, आणि मग १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. आमच्याकडच्या स्पर्धाही बहुतेक याच दिवसांना धरून होतात. कुठे पाच किलोमीटर, कुठे दहा, आणि हल्ली कुठे कुठे अर्धमॅरेथॉनही, म्हणजे २१.१ किलोमीटर. दोन पाचच्या आणि एक दहाची धावून झाल्यावर मला वाटलं, आता एकवीस जमेल.

का जमली नाही हे मी खूप दिवस एकाच शब्दात सांगत होते: पाणी. आयोजकांनी सुटण्याची वेळ साडेसहाची सांगितली होती. पाहुणे आणि भाषणं होऊन प्रत्यक्षात सव्वासात वाजले. पुढच्या दोन टेबलांवर पाणी संपलेलं होतं. याचा राग मला आजही आहे. पहाटे उठून, पैसे भरून लांबून आलेल्या माणसांचा पाऊण तास असा घालवणं बरोबर नाही. पण माझ्या पायात गोळा आला तो काही एवढ्यानेच नाही.

कोकणातली जानेवारीची सकाळ फसवते. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आपण शाळेत शिकलेले मतलई वारे तेच. अंगाला गार लागतं, घाम जाणवत नाही, आणि पाय आपोआप पळायला लागतात. मी पहिले सात किलोमीटर माझ्या नेहमीच्या वेगापेक्षा खूप जोरात काढले. मग नऊच्या सुमाराला वारा पडतो. समुद्रावरून येणारे खारे वारे सुरू व्हायला अजून वेळ असतो. या मधल्या वेळात पान हलत नाही, ऊन चढत असतं, हवेत दमटपणा असतो आणि घाम अंगावरच राहतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता गळून काही उपयोग नाही. नेमक्या त्याच वेळी मी चढावर होते. थकलेले पाय, गेलेलं मीठ आणि पोटात नुसतं साधं पाणी. गोळा न येता तरच नवल.

घरी आल्यावर सासूबाईंनी काही विचारलं नाही. उकड्या तांदळाची पेज केली, मीठ घातलं, वर लिंबाचं लोणचं ठेवलं आणि म्हणाल्या, "अगो, शेतात दिवसभर राबणारी माणसं काय खाऊन जायची, ते कधी बघितलंस का?" ते वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं नाही.

चूक सुधारायची म्हणून मी त्याच आठवड्यात दुसरी चूक केली. रस्ता नको म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावर धावायला लागले. अनवाणी, पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर. वाळू मऊ म्हणजे पायाला चांगली, असा माझा समज. ओली घट्ट वाळू असेल तर ते बऱ्यापैकी खरं आहे. पण भरतीच्या वेळी ती घट्ट वाळू पाण्याखाली जाते आणि उरतो तो वरचा तिरका, भुसभुशीत पट्टा. मी त्या तिरक्या पट्ट्यावर धावत होते, एक पाय कायम वर, एक कायम खाली. महिनाभरात डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. जिना उतरताना जास्त.

होड्यांजवळ जाळं दुरुस्त करत बसलेले एक वयस्क दादा मला रोज बघत असणार. एक दिवस त्यांनीच हाक मारली. "ताई, तुम्ही भरतीत धावताय. तिथी बघून या की."

मला कळलं नाही. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि बोटं मोजून दाखवली. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. म्हणजे अष्टमीला पहाटे किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराचे पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तास मागे गेलं की पाचच्या सुमाराला ओहोटी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी जितकं वर चढतं तितकंच आत जातं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पहाटे किनारा सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कडक. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण धावायला एवढा पुरतो. इतकी वर्षं या समुद्राकाठी राहून हे मला माहीत नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या धावण्याच्या खुणा तिथीवर असतात.

पण गुडघा तोपर्यंत बिघडला होता. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आडवं केलं आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्टीवर अंगठा दाबला. मी ओरडलेच. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत, त्यामुळे पाय टेकला की गुडघा आत जातो. आणि आमच्याकडचा उतार. चढावर दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण स्नायूची खरी मोडतोड उतारावर होते, कारण तिथे मांडीचा स्नायू लांब होत असतानाच अंगाचा भार अडवून धरतो. "सहा आठवडे धावणं बंद. सायकल आहे का घरी?"

होती. मुलाची, गिअरची, अंगणात उभी. कॅरियरवर कोंबडी बसायची. साखळी खाऱ्या हवेने लाल झालेली. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी एक अख्खा रविवार त्या साखळीवर घालवला. एकेक कडी वाकवून बघायची, अडते तिथे तेलाचा थेंब, पुढची कडी. संध्याकाळी चाक फिरवलं तेव्हा नुसता बारीक सळसळ आवाज आला, आणि मला फार बरं वाटलं. सीटही बदलली. आधी मी दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवली होती, आणि तशा सायकलीने गुडघा अजून बिघडतो. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सोपी खूण. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो.

सायकलवर माझा रस्त्याकडे बघण्याचा डोळा बदलला. आपल्या किनाऱ्याची रचनाच अशी की गाव खाडीच्या तोंडाशी आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. म्हणजे गावातून निघालं की चढ, वर सडा, पुढच्या गावात उतार, खाडी, पूल किंवा तर (खाडी ओलांडणारी बोट), परत चढ. सपाट म्हणावा असा रस्ता पुलावरच मिळतो. सुरुवातीला मी घाटीच्या तोंडाशी जोरात जायचे आणि पाय अडकला की गिअर बदलायचे. ताण असताना बदललेला गिअर कडाडतो, साखळी उतरते. कितीदा तरी चढाच्या मध्यावर उतरून काळे हात घेऊन उभी राहिले. मग शिकले. चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच हलक्या गिअरवर यायचं आणि पाय त्याच ठेक्यात फिरवत राहायचं. वेग पडू दे, ठेका पडू द्यायचा नाही. मला वाटतं, त्या वर्षात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच, आणि ते धावण्याने मला कधीच शिकवलं नसतं.

सहा आठवड्यांनी थोडं थोडं धावणं सुरू झालं, एक मिनिट धाव, एक मिनिट चाल. पावसाळा आला. १५ ऑगस्टच्या पाच किलोमीटरला गेले, भिजत धावले, गुडघा गप्प राहिला. गणपतीत पाच दिवस काही नाही. नवरात्रानंतर परत लांबचं.

नाताळच्या सुट्टीला जोडून मैत्रीण आणि मी दोन दिवसांसाठी गुहागरला सायकलने गेलो. पावणेसहाला निघालो, पुढे दिवा, मागे लाल दिवा. साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे-वाऱ्याचा चढ. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात तिथे गाड्यांची गर्दी असते, त्या वेळी आम्ही दोघीच होतो. नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे, मालगुंड. केशवसुतांच्या गावात चहा. मग जयगड.

जयगडहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला तर जाते, तिला सगळे फेरीबोटच म्हणतात. सायकल चढवताना तिची लोखंडी फळी ओली असते, तिथे सायकल हातात धरून सरळ चालावं, वळू नये. माझी मैत्रीण तिथेच घसरली, कोपर सोललं. बोटीवरच्या माणसाने न सांगता गोड्या पाण्याची बाटली आणून दिली, आधी तिच्या कोपराला, मग सायकलींच्या साखळ्यांना. "खारं पाणी ठेवू नका, उद्या गंज धरेल."

तवसाळचा चढ आम्ही हलक्या गिअरवर, न बोलता चढलो. हेदवीत जेवलो. त्यानंतरचे तास मात्र कठीण गेले. दुपारी या किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो आणि आम्ही उत्तरेला चाललो होतो. वेळणेश्वरच्या पुढे सड्यावर आडोसा काहीच नाही. उतारावरही पेडल मारावं लागत होतं. वीस-वीस झाडं मोजून एकमेकींच्या पुढे होत होतो, मागची जरा विसावते. दिवेलागणीला गुहागर. परत येताना तोच वारा पाठीला होता, आणि सड्यावर आम्ही दोघी मोठमोठ्याने गात होतो.

दुसऱ्या २६ जानेवारीला मी पहाटे साडेचारला पेज प्यायले, मीठ घालून. सासूबाई माझ्या आधी उठल्या होत्या. कंबरेला दोन छोट्या बाटल्या बांधल्या. प्रमाण दवाखान्यातल्या भिंतीवर असतं तेच, एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मी मिठाच्या जागी कोकमाचं आगळ अंदाजाने घातलं, ते मुळात खारवलेलंच असतं.

स्पर्धा तीच, रस्ता तोच. पहिले पाच किलोमीटर सगळे माझ्या पुढे गेले. गार वारा होता, पाय पळू म्हणत होते, मी त्यांना धरून ठेवलं. चढ दिसला की आधीच पावलं बारीक केली, आणि मोठ्या चढावर सरळ चालले. उतारावर पाय लांब टाकायचा मोह आवरला, बारीक, भरभर पावलं, पाय अंगाखालीच पडला पाहिजे. वारा पडला तेव्हा मी अकराव्या किलोमीटरला होते आणि अंगात जोर शिल्लक होता. दर टेबलाला दोन घोट पाणी, मधे आगळाचा एक घोट.

सोळाव्या किलोमीटरला तो गडगा आला. त्यावर एक मुलगी बसली होती, पंचविशीची असेल, पोटरी धरून. मी थांबले. तिचं पाऊल धरलं, बोटं तिच्याकडे ढकलली, म्हटलं, "श्वास सोड, श्वास सोड." माझी दुसरी बाटली तिला दिली. पाच-सात मिनिटांनी ती उभी राहिली. आम्ही दोघी थोडं चाललो, मग हळू धावलो, मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही व्हा पुढे, मी येते."

२ तास ४९ मिनिटं. तीन तासांची मुदत होती. पदक गळ्यात घातल्यावर मी घरी फोन केला नाही, परत कमानीपाशी जाऊन उभी राहिले. मुदत संपायला चार मिनिटं असताना ती मुलगी आली.

आता होळीच्या सुट्टीत दक्षिणेला जायचं आहे, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. दुपारचा वारा या वेळी पाठीला असेल. आणि होळी पौर्णिमेचीच, म्हणजे पहाटे पाचला ओहोटी. निघायच्या आधी भाट्यावर एक फेरी होईल.