तीन पूर्णांक एक

मी तारांगणात निवेदक आहे. ‘आमचे शास्त्रज्ञ’ अशी कुणी ओळख करून दिली की ओशाळायला होतं, कारण मोजणारे वेगळेच असतात. त्यांनी मोजलेलं लोकांना कळेल असं सांगणं एवढंच माझं काम. ते किती अवघड असतं, हे १८ फेब्रुवारी २०२५ च्या मंगळवारी कळलं.

त्या दिवशी ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाचा नवा आकडा आला होता. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के. बत्तीसात एक. जानेवारीच्या अखेरीस हाच आकडा एका टक्क्याच्या वर गेला तेव्हाच गडबड सुरू झाली होती. आता तर फोन खाली ठेवायला सवड नव्हती.

शेवटचा खेळ संपल्यावर दालनात दोघंच उरली. एक आजोबा आणि त्यांची दहा वर्षांची नात. तिच्या गळ्यात कोरा करकरीत ताईत होता.

“सर, ही रात्रीची झोपत नाही,” आजोबा म्हणाले. “२०३२ ला मी सतरा वर्षांची असेन, एवढंच म्हणत बसते.”

मग हळूच म्हणाले, “एकाने विधी सांगितलाय. उद्या पहाटे करायचा. केला की दगड वळतो म्हणे. तुमचं काय मत? पडणार का नाही?”

“बहुधा नाही.”

“बहुधा?”

तो एक शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला माझीच लाज वाटली. त्या दुसऱ्या माणसाच्या बोलण्यात ‘बहुधा’ नव्हतं. तो ठामपणे सांगत होता, आणि घाबरलेल्या माणसाला ठाम आवाज हवा असतो. मी मात्र टक्के सांगत होतो, तेही चढते.

चढतेच का, हा खरा प्रश्न. दोन महिन्यांत माहिती वाढत गेली, आणि माहितीबरोबर धोकाही वाढत गेला. कुणालाही यात काहीतरी लपवाछपवी आहे असं वाटेल. मी खडू घेतला आणि फळ्यावर एक मीटर लांब रेघ ओढली.

“त्या दिवशी दगड या रेघेवर कुठेतरी असणार. नक्की कुठे, ते माहीत नाही. आणि ही पृथ्वी.” रेघेवर तीन सेंटिमीटरचा ठिपका काढला. “शंभरात तीन.” मग नातीला पुढे बोलावलं. “आता दुर्बिणींनी आणखी निरीक्षणं घेतली. रेघेची ही दोन्ही टोकं पूस. अर्धी रेघ राहू दे.”

तिने बोटाने पुसली. ठिपका तेवढाच, रेघ पन्नास सेंटिमीटर.

“आता?”

“सहा,” ती म्हणाली. मग थांबून, “पण ठिपका मोठा झालाच नाही! रेघ लहान झाली.”

(खरं गणित इतकं सरळ नाही. रेघेच्या मधल्या भागाला वजन जास्त असतं. पण वीस वर्षांत मला यापेक्षा बरी युक्ती सापडलेली नाही.)

“आणखी पूस. या बाजूने.” ती पुसत ठिपक्यापर्यंत आली आणि त्याच्या पलीकडे गेली. ठिपका रेघेबाहेर पडला. “शून्य!”

“बहुतेक वेळा असंच होतं. आकडा आधी चढतो आणि मग धाडकन पडतो. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता. पुढे तोही रेघेबाहेर गेला.”

“आणि शेवटी ठिपकाच उरला तर?”

“तर १०० टक्के.”

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीसमोर शिवी दिली. पण खोटं सांगून तिला झोपवायचं, तर मग ताईत काय वाईट होता? मी पुढचंही सांगितलं. दगड ४० ते ९० मीटरचा असावा. १९०८ मध्ये सायबेरियातल्या तुंगुस्कावर साधारण तेवढाच फुटला आणि दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. म्हणजे एखाद्या शहरापुरतं संकट, जगबुडी नव्हे. आणि हातात सात वर्षं आहेत. २०२२ मध्ये नासाने डार्ट यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा मोठ्या जोडीदाराभोवतीची त्या लघुग्रहाची प्रदक्षिणा ३२ मिनिटांनी कमी झाली. दगड ढकलता येतो, फक्त आधी दिसायला हवा.

आजोबांचा स्वर कडक झाला. “घाबरवलं कुणी? तुमच्याच लोकांनी ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचं वर्णपटावरून कळलं. शोध खरा होता. शेपूट इतकी विरळ, की पृथ्वीला काही होणार नव्हतं. पण लोकांच्या मनात राहिला तो विषारी वायू, आणि धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या खपल्या. भीतीचा कच्चा माल आमच्याकडूनच गेला होता. आकडा जाहीर करतानाच तो चढणार आणि मग पडणार, हे ठळकपणे सांगायला हवं होतं. ते बातमीत सहाव्या परिच्छेदात होतं.

निघताना आजोबा म्हणाले, “विधी करून टाकतो. नुकसान तर नाही.” मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं अजून कधीकधी वाटतं.

त्यांनी बुधवारी पहाटे विधी केला. बुधवारीच आकडा १.५ वर आला. गुरुवारी ०.२८. पुढच्या सोमवारी ०.००४.

सोमवारी दुपारी फोन आला. आजोबांचा आवाज आनंदाने फुलला होता. “बघा सर! वळला की नाही?”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. मी सांगितलं की दगड तसूभरही वळलेला नाही. २०२४ च्या २५ डिसेंबरलाच तो पृथ्वीजवळून निघून गेला, दोन दिवसांनी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला दिसला, आणि आपण घाबरत होतो तेव्हाही तो दूरच चालला होता. मंगळवारी त्याची जी वाट होती तीच आजही आहे. बदललं ते आपलं ज्ञान. आजोबा “हो, हो” म्हणाले. त्यांना पटलं नाही हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही.

“हिला बोलायचंय,” म्हणून त्यांनी फोन नातीकडे दिला.

“सर, पेपरात आलंय की तो चंद्रावर पडू शकतो. १.७ टक्के.”

“हो.”

“मग आता तो आकडा आधी वाढेल ना?”

“वाढू शकतो.”

“आणि मग रेघेबाहेर?”

“बहुधा.”

“बहुधा,” ती म्हणाली, आणि हसली.

जूनमध्ये तो ४.३ टक्क्यांवर गेला. त्यांच्याकडून फोन आला नाही.