४१३ चा पांढरा कागद

होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षाला 'तुमची पीएचपीची मर्यादा वाढवा' यापलीकडे उत्तर ठाऊक नसेल, तर साधी पीडीएफ चढवणेही किती जिवावर येते, हे मी नुकतेच अनुभवले. गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून ती वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळावर ठेवायची होती. एकेक अंक तीस-चाळीस एमबीचा होता.

पीएचपीचे, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिचे, काम लवकर आटोपले. तिथे 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' (एका फाइलची मर्यादा) मुळात २ एमबी आणि 'पोस्ट_मॅक्स_साइझ' (एका खेपेला पाठवलेल्या सगळ्या मजकुराची मर्यादा) ८ एमबी असते. मी पहिली ६४ आणि दुसरी ७२ केली. दुसरी नेहमी मोठीच ठेवावी, कारण तिच्यात फाइलबरोबर संपूर्ण फॉर्म मोजला जातो आणि ती ओलांडली गेली की पीएचपीच्या हाती रिकामा फॉर्म येतो. वर्डप्रेसच्या मीडिया पानावरही ६४ एमबी दिसू लागले, आणि नेमके हेच पुढे माझ्या डोक्याला ताप ठरले.

कारण फाइल तरीही चढेना. वर्डप्रेसच्या साध्या ब्राउझर अपलोडरने प्रयत्न केला, तेव्हा पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत ४१३ हा आकडा, म्हणजे 'पाठवलेला मजकूर प्रमाणाबाहेर मोठा', आणि खाली एका आडव्या रेघेनंतर 'एनजिनएक्स' एवढेच उमटले. एनजिनएक्स हा एक वेब सर्व्हर, आणि आमचे संकेतस्थळ तर अपाची या दुसऱ्याच वेब सर्व्हरवर चालते. मग हे एनजिनएक्स कुठून उपटले, असे मी तिकिटात, म्हणजे मदतकक्षाकडे नोंदवलेल्या तक्रारीत, विचारले, तर उत्तरादाखल मला माझ्याच मीडिया पानाचे चित्र आले आणि सोबत, 'आपली मर्यादा ६४ एमबी आहे, समस्या आढळत नाही.' पुढच्या तिकिटावर दुसरा कर्मचारी आला आणि ब्राउझरची कॅशे पुसायला सांगून गेला. दर वेळी नवा माणूस येई, दर वेळी कथा पहिल्यापासून सांगावी लागे, आणि तिकीट मात्र 'निराकरण झाले' म्हणून परस्पर बंद होई.

अखेर पुरावाच गोळा करायचे ठरवले. मुद्दाम निरनिराळ्या आकारांच्या फाइली बनवून चढवल्या. ९०० केबीची गेली, सव्वा एमबीची अडली. म्हणजे मर्यादा १ एमबीची, आणि एनजिनएक्समधल्या 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' या मर्यादेची मूळची किंमत तेवढीच असते! त्याहून बोलका निघाला अपाचीचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही: अडलेल्या विनंत्यांची त्यात नोंदच नव्हती. विनंती आमच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हती. सर्व्हर नव्या यंत्रणेवर हलवताना कंपनीने पुढे एनजिनएक्सचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंती आधी स्वतः घेऊन मग आत पाठवणारा सर्व्हर, बसवला होता आणि त्याची मर्यादा कोणी वाढवली नव्हती. आजवर आम्ही छोटी छायाचित्रेच चढवत असल्यामुळे ते लक्षात आले नव्हते.

लॉगचा उतारा आणि दोन्ही फाइलींचे आकार एकत्र जोडून, 'हे तिकीट प्रॉक्सी सांभाळणाऱ्या विभागाकडे द्यावे' असे स्पष्ट लिहिले, तेव्हा कुठे चक्र हलले. त्यांनी एक ओळ बदलली, एनजिनएक्स रीलोड केले आणि चाळीस एमबीचा अंक पहिल्या फटक्यात चढला. त्या क्षणी आनंदापेक्षा चडफडाटच अधिक झाला, हे लपवत नाही.

अशा अडचणीत आधी ४१३ च्या पानाखालचे नाव वाचावे आणि मग कोणत्या फाइलला हात लावायचा ते ठरवावे. वैतागून ती मर्यादा शून्य करून टाकण्याचा मोह होतो, पण एनजिनएक्समध्ये शून्य म्हणजे तपासणीच बंद, त्यामुळे तसे करू नये. आणखी एक आठवले: पीएचपीची मर्यादा 'डॉट यूजर डॉट आयएनआय' या फाइलमधून बदलत असाल, तर बदल लागू व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण पीएचपी ती फाइल सहसा ३०० सेकंद स्मरणात ठेवते. मर्यादा पाहण्यासाठी 'पीएचपी इन्फो'चे पान तयार केले असेल, तर काम होताच ते काढून टाकावे; सर्व्हरची सगळी मांडणी त्यावर कोणालाही वाचता येते.