दोन टिप्पर रेती टाका म्हणे

आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये पोट्ट्यांसाठी बीच व्हॉलीबॉलचं कोर्ट करून राहिलो आहे. बघायला येणारा प्रत्येकजण तेच सांगतो, "काही नाही भाऊ, दोन टिप्पर रेती टाका, नेट बांधा, झालं!" आता करा हिशोब. खेळायची जागा 16 बाय 8 मीटर, चारही बाजूंनी कमीत कमी 3 मीटर मोकळं, म्हणजे 22 बाय 14, आणि रेती 40 सेंटीमीटर तरी पाहिजेच. झाले की नाही 43-44 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट)? दोन टिप्पर म्हणे.

पण खरा ताप रेतीचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. नागपूरची ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, पाणी तर लवकर खाली सोडतच नाही. नुसता खड्डा खणून रेती भरली की जुलैमध्ये त्याचं डबकं होणार. काही जण शोषखड्डा करा म्हणतात, अरे पण त्याच मातीत शोषखड्डा शोषणार काय? म्हणून तळाला उतार देऊन भोकं असलेले पाइप टाकतोय, त्यावर गिट्टी, आणि पाणी थेट बाजूच्या नालीत. गिट्टीच्या खाली पण आणि वर पण जिओटेक्सटाइलचं कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण रेती-माती अडवणारं. वरचं कापड वाचवायला जाऊ नका, नाहीतर रेती गिट्टीत घुसते, गिट्टी वर येते आणि मग डाइव्ह मारणाऱ्याच्या कोपराचं काय होतं ते सांगायला नको.

रेती कन्हान नदीची घेतोय, रॉयल्टीच्या पावतीसकट, आणि पावसाळ्यात रेतीघाट बंद व्हायच्या आत. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, स्वस्त पडते हे मान्य, पण तिचे दाणे टोकदार, अनवाणी पायांना नदीचीच गोल रेती बरी. माती किती आहे ते बघायला मी काचेच्या बरणीत मूठभर रेती आणि पाणी घालून हलवतो, थोडा वेळ ठेवतो. वर चहासारखं गढूळ पाणी राहिलं आणि रेतीवर चिखलाचा थर बसला की तो ढीग कॅन्सल. सप्लायरचं तोंड वाकडं होते, होऊ द्या.

बाकी सोपं आहे. पोल साइडलाइनपासून 70 सेंटीमीटर ते 1 मीटर बाहेर, पक्क्या काँक्रीटमध्ये, वरून फोम गुंडाळलेला. नेट पुरुषांना 2.43, बायकांना 2.24 मीटर, म्हणून वरखाली करता येणारे हुक लावतोय. रेषा म्हणजे 5 सेंटीमीटरची पट्टी, मधली रेषा या खेळात नसतेच. कडेला विटा अजिबात नाही, जुने टायर चालतात. रात्री ताडपत्री मात्र टाकावीच लागेल, लेआउटमधली कुत्री आत्तापासूनच जागा बघून गेली आहेत.

सध्या मीटिंगमध्ये लाइटवरून भांडण चालू आहे. काऊन पाहिजे लाइट, खर्च काऊन वाढवता, दिवसा खेळा ना, असं एक काका म्हणतात. मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी त्या रेतीत अनवाणी उभे राहून दाखवा काका, लाइटचं बिल मी भरतो.